डोंब, रोम, जिप्सी

रोमानी भाषेत सूर्याला ‘खाम’ म्हणतात. आपला ‘घाम’ त्याचाच भाऊ. दोघांचं मूळ संस्कृत ‘घर्म’, म्हणजे ऊन, उष्मा. पाण्याला तिथे ‘पानी’, नाकाला ‘नाख’, माणसाला ‘मानुश’ आणि भाषेला ‘छिब’, म्हणजे जीभच. अशा साम्यांवरूनच जर्मन अभ्यासक रूडिगर यांनी १७८२ साली या भाषेचं घर हिंदुस्थानात असल्याचं मांडलं. वाटेतला मुक्कामही अंकांत दिसतो: एक ते सहा आपल्याकडचे, सात, आठ, नऊ ग्रीक.

ही भाषा बोलणारी माणसं स्वतःला ‘रोम’ म्हणवतात, अनेकवचन ‘रोमा’. अर्थ पुरुष, नवरा, आपल्यातला माणूस. रोम शहराशी किंवा रुमानियाशी त्याचं नातं नाही. बहुतेक भाषाशास्त्रज्ञ त्याचं मूळ संस्कृत ‘डोम्ब’मध्ये पाहतात. गाण्याबजावण्यावर पोट भरणाऱ्या, गावकुसाबाहेर ठेवलेल्या जातीचं ते नाव. मध्यपूर्वेत ते ‘दोम’ राहिलं, आर्मेनियात ‘लोम’ झालं, युरोपात ‘रोम’. मराठीतला ‘डोंबारी’ याच घराण्यातला. रोमांच्या भारतीय मुळाचा अभिमान आपण हौसेनं सांगतो. तो सांगताना दोरीवर चालणारी डोंबाऱ्याची पोर कुणाला आठवत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

बाकीची नावं इतरांनी लादलेली. हे लोक इजिप्तहून आले या गैरसमजातून ‘जिप्सी’ निघाला, स्पॅनिश ‘हितानो’ही त्यातूनच. ‘त्सिगान’ आणि जर्मन ‘त्सिगॉयनर’ यांचा माग बायझंटाईन काळातल्या ‘अथिंगानोई’ या पाखंडी ठरवलेल्या पंथापर्यंत काढला जातो. त्या नावाचा अर्थ, स्पर्श टाळणारे. विटाळाचा इतिहास अंगावर वागवणाऱ्या आपल्या समाजाला या शब्दाची धार समजावून सांगायला नको. आजच्या रुमानियातल्या वालाकिया आणि मोल्डाविया या प्रांतांत तर ‘त्सिगान’ म्हणजे गुलाम, हाच अर्थ रुळला. राजा, मठ आणि सरदार यांच्या मालकीची ही माणसं टप्प्याटप्प्यानं, १८५५-५६ पर्यंत सुटली.

आउश्वित्झमध्ये नाझींनी रोमा आणि जर्मनीतले त्यांचे भाऊबंद सिंती या कैद्यांच्या हातावर ‘त्सिगॉयनर’चं आद्याक्षर गोंदलं. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री त्यांच्या छावणीत उरलेल्या ४,००० हून अधिक जणांना विषारी वायूच्या कोठड्यांत मारलं. शब्द मात्र युद्धानंतरही कामाला येत राहिला. १९५६ मध्ये पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं म्हटलं, की मार्च १९४३ पूर्वीची कारवाई वंशद्वेषातून झालेलीच नाही, ती या लोकांच्या समाजविघातक वृत्तीमुळे झाली. त्या निकालानं अनेकांची भरपाई बुडाली. १८७१ च्या कायद्यानं जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्या आपल्या विमुक्तांना हा युक्तिवाद तोंडपाठ असेल. नाझींनी केला तो वंशसंहार होता, हे पश्चिम जर्मनीच्या सरकारनं मान्य केलं १९८२ साली.

१९७१ च्या एप्रिलमध्ये लंडनजवळ पहिली जागतिक रोमानी परिषद भरली आणि ‘रोमा’ हे नाव प्रतिनिधींनी स्वतः निवडलं. निळ्या-हिरव्या झेंड्यावर लाल चक्र आलं. नावानं सगळं साधलं नाही. चेक प्रजासत्ताकातल्या ओस्त्रावा शहरात रोमा मुलांना मतिमंदांसाठीच्या ‘विशेष’ शाळांत घालत. अशा १८ मुलांच्या खटल्यात युरोपीय मानवाधिकार न्यायालयानं २००७ मध्ये हा भेदभाव असल्याचा निर्णय दिला. ‘विशेष’ हा किती सभ्य दिसणारा शब्द आहे, पाहा.

मराठीत ‘जिप्सी’ पाडगावकरांच्या कवितेतून मनात बसला: मुक्त, बेफिकीर भटक्या. कवितेत तो शोभतो. पण या लोकांची भटकंती पुष्कळदा हाकलून दिल्यामुळे झालेली आहे, आणि आज युरोपातले बहुसंख्य रोमा एका जागी राहतात. ब्रिटनमधले काही जण स्वतःला अभिमानानं ‘जिप्सी’ म्हणवतात. तो हक्क त्यांचा. आपण बातमी लिहिताना, अनुवाद करताना ‘रोमा’ लिहावं, सिंती असतील तर ‘सिंती’, आणि शब्दकोशांच्या पुढच्या आवृत्तीत ‘जिप्सी’पुढे ‘इतरांनी दिलेलं नाव’ एवढी नोंद जरूर घालावी.