ज्यू धर्मविद्यालये आणि बेने इझ्राएल

ज्यू धर्मशास्त्राच्या उच्च अध्ययनाची विद्यालये ‘येशिवा’ या नावाने ओळखली जातात. ‘बसणे’ या अर्थाच्या हिब्रू धातूपासून हा शब्द आला आहे. तोरा, म्हणजे मोझेसचे पाच ग्रंथ, आणि त्यातील विधिनियमांवरील शतकानुशतकांच्या चर्चांचा संग्रह असलेला तालमूद, हे तेथील अभ्यासाचे मुख्य विषय होत. या विद्यालयांचा इतिहास हा बव्हंशी घर सोडून परमुलखात राहिलेल्या विद्यार्थ्यांचा इतिहास आहे. महाराष्ट्रातील मराठीभाषक ज्यूंच्या, म्हणजे बेने इझ्राएल समाजाच्या, बाबतीत मात्र हा क्रम उलटा झाला. तेथे विद्यार्थी गुरूकडे गेले नाहीत. गुरूच समुद्रमार्गे विद्यार्थ्यांकडे आले. या फरकाचे परिणाम दूरवर पोहोचले.

इ. स. तिसऱ्या शतकापासून बॅबिलोनियात सूरा व पुंबेदिथा येथील विद्यापीठे प्रसिद्धीस आली. अदार आणि एलूल या दोन महिन्यांत, शेतीच्या कामातून सवड मिळताच, दूरदूरचे लोक तेथे अध्ययनासाठी जमत. पुढे ही परंपरा यूरोपात रुजली. लिथ्युएनियन परंपरेतील व्होलोझिन येथे १८०३ मध्ये हाइम या धर्मपंडिताने स्थापन केलेले विद्यालय नंतरच्या येशिवांना आदर्शभूत ठरले.

या विद्यार्थ्यांची दिनचर्या ठरीव असे व तिचा सांगाडा आजही फारसा बदललेला नाही. प्रातःप्रार्थनेनंतर अध्ययनाचे पहिले सत्र सुरू होते. विद्यार्थी जोडीजोडीने बसून तालमूदातील एकेक वाक्य मोठ्याने वाचतात, त्याचा अर्थ लावतात व परस्परांचे मत खोडून काढतात. या सहाध्यायी-पद्धतीला ‘हव्रुता’ म्हणतात. त्यामुळे अध्ययनगृहात शांततेऐवजी सततचा गलबला असतो. यानंतर गुरूंचे व्याख्यान, दुपारचे व रात्रीचे सत्र आणि मधूनमधून प्रार्थना असा क्रम चालतो. सकाळी थोड्या मजकुराचा सखोल विचार, तर दुपारी अधिक मजकुराचे वाचन, अशी विभागणी पुष्कळ ठिकाणी आढळते. सत्रान्ताच्या सुट्यांत विद्यार्थी घरी जातात. शब्बाथच्या दिवशी परगावच्या विद्यार्थ्यांना स्थानिक कुटुंबे जेवावयास बोलावतात.

अन्नाचा प्रश्न सर्वांत बिकट होता. आहारविषयक धर्मनियमांमुळे ज्यू विद्यार्थ्याला कोठेही जेवता येत नसे. पूर्व यूरोपातील लहान गावांत गरीब विद्यार्थी आठवड्यातील प्रत्येक दिवशी वेगवेगळ्या घरी जेवत. महाराष्ट्रात वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या रीतीशी तिचे साम्य लक्षणीय आहे. एखाद्या दिवसाचे घर न मिळाल्यास उपास घडे. यजमानाच्या लहरीही सोसाव्या लागत. व्होलोझिन विद्यालयाने निधी जमवून विद्यार्थ्यांना वेतन दिले व ही परावलंबी रीत टाळली. लुब्लिन येथे १९३० मध्ये उघडलेल्या विद्यालयात राहण्या-जेवण्याची व्यवस्था इमारतीतच करण्यात आली.

दुसऱ्या महायुद्धात मीर येथील येशिवा लिथ्युएनियातून जपानमधील कोबे येथे आणि १९४१ मध्ये शांघायला पोहोचली. तेथे विद्यार्थ्यांनी बेथ अहरोन या सिनॅगॉगमध्ये अध्ययन चालू ठेवले. हे सिनॅगॉग सायलस हार्डून यांनी १९२७ मध्ये बांधविले होते. बगदादमध्ये जन्मलेल्या हार्डून यांचे बालपण मुंबईत गेले होते.

कोकणातील बेने इझ्राएलांच्या वाट्याला असे विद्यालय आले नाही. तेलाच्या घाण्याचा व्यवसाय करणारा आणि शनिवारी काम बंद ठेवणारा हा समाज ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखला जाई. शब्बाथ, सुंता, आहारनियम व ‘शेमा’ ही प्रार्थना एवढेच धर्माचरण त्याने परंपरेने जपले होते. समाजाच्या परंपरेनुसार दाविद राहाबी नावाच्या परदेशी ज्यूने कोकणात येऊन झिराडकर, राजपूरकर व शापूरकर या घराण्यांतील व्यक्तींना धर्मविधी शिकविले. त्यांच्याकडे ‘काजी’पद वंशपरंपरेने चालले. सॅम्युएल एझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत समाजाचे पहिले सिनॅगॉग बांधले. एकोणिसाव्या शतकात कोचीनचे ज्यू शिक्षक येऊन हिब्रू प्रार्थना व पठणाची पद्धती शिकवू लागले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले. धर्मांतराच्या हेतूने आलेल्यांकडून मिळालेली ही विद्या समाजाने मात्र स्वधर्माच्या जोपासनेसाठी वापरली. जोसेफ एझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी हिब्रू प्रार्थनांची मराठी भाषांतरे केली. पेसाह सणाच्या हाग्गादा या विधिग्रंथाची मराठी भाषांतरासह आवृत्ती पुण्यात १८७४ मध्ये निघाली. हाइम सॅम्युएल केहिमकर यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये मुंबईत समाजाची शाळा सुरू झाली. तीच पुढे सर एली कदुरी हायस्कूल म्हणून नावारूपास आली.

अशा रीतीने प्रार्थना, भाषांतर व शालेय शिक्षण यांची परंपरा दृढ झाली. पण विवाह, घटस्फोट व वारसा यांविषयी निवाडा देणारे, विधिवत दीक्षित धर्मपंडित (रब्बी) समाजात तयार झाले नाहीत. ही उणीव १९४८ मध्ये इझ्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर व समाजाचे मोठे स्थलांतर सुरू झाल्यावर तीव्रतेने जाणवली. पूर्वीच्या पिढ्यांतील घटस्फोट व विधवा-विवाह शास्त्रोक्त होते की काय, अशी शंका तेथील काही धर्माधिकाऱ्यांनी काढली. प्रमुख धर्मपीठाने १९६१ मध्ये असे विवाह मान्य केले. परंतु १९६२ च्या निर्देशांनी विवाहेच्छू बेने इझ्राएलांच्या पूर्वजांची चौकशी आवश्यक ठरविली. याविरुद्ध समाजाने केलेल्या आंदोलनाची दखल १९६४ मध्ये क्नेसेट या संसदेने घेतली. त्यानंतर निर्देशांतील समाजाचा नामोल्लेख वगळण्यात आला.

ज्या प्रश्नावर समाजाची प्रतिष्ठा पणास लागली, तो येशिवांत शिकविल्या जाणाऱ्या शास्त्राचाच प्रश्न होता. पण त्यावर निर्णय देणाऱ्यांत कोकणचा विद्यार्थी नव्हता. भारतातील दुसऱ्या ज्यू समाजात याच सुमारास वेगळे घडले. कलकत्त्याच्या बगदादी ज्यूंपैकी एझिकेल मुस्लिया यांनी न्यूयॉर्कच्या ज्यू थिऑलॉजिकल सेमिनरीत अध्ययन करून १९५२ मध्ये रब्बीपदाची दीक्षा घेतली व परतून काही काळ आपल्या समाजाची धर्मसेवा केली.

बेने इझ्राएलांनी गुरूवाचून राखलेली निष्ठा असामान्य होती. मात्र निष्ठा टिकविणे आणि ती शास्त्राच्या भाषेत सिद्ध करणे या दोन भिन्न गोष्टी होत. पहिली कोकणातील घरांत साध्य झाली. दुसरीसाठी परमुलखातील विद्यालयात घालवावी लागणारी वर्षे या समाजाला दीर्घकाळ लाभली नाहीत.