ब्लेझर घेताना आधी खांदा पाहा

महाविद्यालयात कॅम्पस मुलाखतींचे वेळापत्रक लागले, की अनेक विद्यार्थिनींची धाव ब्लेझरच्या दुकानाकडे असते. आयुष्यातील पहिलाच ब्लेझर, हाती दोन-चार दिवस आणि खर्चाला मर्यादा. अशा घाईत घेतलेला कोट ऐन मुलाखतीत खांद्यावरून ओघळतो किंवा हात पुढे करताच पाठीत आवळतो. उत्तराकडे असायला हवे ते लक्ष बाह्या सावरण्यात जाते आणि दोष दिला जातो स्वतःच्या बांध्याला. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा कोटाच्या मापाचा असतो.

ब्लेझर हे मुळात पुरुषांचे वस्त्र. केंब्रिजच्या लेडी मार्गारेट बोट क्लबातील नौकापटूंच्या भडक लाल कोटांवरून हे नाव पडले, असे मानले जाते. स्त्रियांसाठी कोटाचा विचार नव्याने करणाऱ्यांत पॅरिसचे फॅशनकार अग्रेसर होते. कोको शानेल यांनी १९५४ मध्ये पुनरागमन केल्यानंतर हलक्या, मऊ जाकिटाला प्रतिष्ठा मिळवून दिली. ते नीट लोंबावे म्हणून त्याच्या आतील कडेला बारीक साखळी शिवलेली असे. इव्ह सां लोराँ यांनी १९६६ मध्ये पुरुषी धाटणीचा ‘ल स्मोकिंग’ हा सूट स्त्रियांसाठी आणला.

क्रमांकाचा घोळ

तयार ब्लेझरवरील क्रमांकावर विसंबणे धोक्याचे असते. अमेरिकेतील ८ क्रमांक ब्रिटनमध्ये साधारण १२ होतो आणि एकाच क्रमांकाचे दोन कंपन्यांचे कोटही सारखे नसतात. भारतीय स्त्रीची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटीमीटर, म्हणजे पाच फुटांच्या आसपास आहे. उंच बांध्यासाठी बेतलेल्या विदेशी कोटाची कंबर तिच्या कमरेच्या खाली येते आणि बाही तळहातावर उतरते. भारतीयांची स्वतंत्र मापे ठरविण्यासाठी राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने (निफ्ट) ‘इंडियासाइज’ हा प्रकल्प हाती घेतला, तो याच अडचणीपोटी.

आरशासमोरची परीक्षा

ब्लेझर ज्या कपड्यांवर घालायचा, तेच कपडे घालून दुकानात जावे. पातळ टी-शर्टवर नेमका बसलेला कोट जाड कुर्त्यावर मुंढ्यात दाटतो. प्रथम खांदा पाहावा. खांद्याची शिवण हाडाच्या टोकाशी संपायला हवी. ती खाली उतरत असेल तर कोट मोठा आहे. बाहीच्या वरच्या भागात खळगा किंवा ताण दिसत असेल, तर बहुधा लहान. कॉलर मानेला मागून अलगद टेकलेली असावी. बटण लावल्यावर त्याभोवती फुलीसारख्या सुरकुत्या पडल्या, तर छाती किंवा कंबर घट्ट आहे, असे समजावे. बाही मनगटाच्या हाडापर्यंत पुरेशी.

त्यानंतर खुर्चीवर बसावे, दोन्ही हात पुढे करावेत, एक हात वर उचलावा. हात उचलताच संपूर्ण कोट वर सरकत असेल, तर त्याचा मुंढा फार खोल आहे. सैल मुंढा आरामदायी वाटतो खरा. पण हालचालीला मोकळीक मिळते ती बगलेजवळ बसणाऱ्या मुंढ्याने.

शिंप्याच्या हाती काय?

कंबर आत घेणे आणि बाहीची लांबी कमी करणे ही तुलनेने सोपी कामे. बाहीच्या टोकाची काजे खरोखर उघडणारी असतील, तर मात्र बाही आखूड करणे अवघड जाते. कोट सैल करायचा असल्यास शिवणीत किती माया ठेवली आहे, ते अस्तर उलटून पाहावे. खांदा आणि मुंढा दुरुस्त करायचा म्हणजे बाह्या उसवून कोट जवळजवळ नव्याने बांधायचा. तो खर्च अनेकदा परवडत नाही. म्हणूनच खांदा आणि छाती यांना बसणारा कोट घ्यावा, कंबर नंतर आवळून घ्यावी. उलट क्रम चालत नाही.

शिवून घेणाऱ्यांची अडचण निराळी. कोट शिवणाऱ्या कारागिराचा हात बहुधा पुरुषी मापांना सरावलेला असतो, तर ब्लाउज-कुर्ते शिवणाऱ्याला कोटाच्या आतील बांधणीचा सराव नसतो. अशा वेळी कारागिराने पूर्वी शिवलेला स्त्रियांचा कोट पाहावा, छातीजवळ डार्ट किंवा प्रिन्सेस कट देणार का, हे विचारावे आणि कच्च्या शिलाईवर एक ट्रायल मागावी. मुलाखतीपूर्वी त्यासाठी किमान दोन आठवडे हाती ठेवावेत.

घरी आणल्यावर एक काम उरते. मागच्या चिरेवर घातलेला फुलीचा धागा आणि बाहीवर टाचलेले कंपनीचे लेबल केवळ दुकानापुरते असते. ते काढून टाकावे. मग तासभर ब्लेझर घालून घरात वावरावे. अंगावर कोट आहे याचा विसर पडला, तर तो बसला असे खुशाल समजावे.