इंजिन बंद, विमान हवेत : रिमोटच्या ग्लायडरची स्पर्धा नेमकी असते काय? आणि चिमूरच्या पोरांना ती खेळता येईल का?

चिमूर म्हटलं की तीन गोष्टी आठवतात. १९४२चा लढा, बालाजीची घोडायात्रा आणि ताडोबाचं कोलारा गेट. विमानाशी चिमूरचं नाव कोणी जोडत नाही. पण फेब्रुवारीत सकाळी अकराच्या पुढे चिमूरच्या कुठल्याही शिवारात उभं राहून वर बघा. घारी पंख न हलवता गोल गोल फिरत वर वर जाताना दिसतील.

घार जे करते तेच रिमोटच्या विमानाकडून करून घ्यायचं, असा एक खेळ आहे. या खेळाच्या वर्ल्ड चॅम्पियनशिप होतात, जाडजूड नियमावली आहे आणि त्यात अर्ध्या मीटरवरून हार-जीत ठरते. हा खेळ कसा चालतो आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात तो खेळायचा म्हटलं तर काय काय आडवं येतं, ते बघूया.

आधी हवा समजून घ्या

ग्लायडर म्हणजे इंजिनाच्या जोरावर न उडणारं विमान. लांब, सडपातळ पंख आणि अगदी कमी वजन. ते सतत थोडं थोडं खाली येत असतं आणि त्या घसरण्यातूनच त्याला पुढे जायचा वेग मिळतो. चांगलं स्पर्धेचं मॉडेल शांत हवेत सेकंदाला साधारण ०.४ मीटर खाली येतं. म्हणजे ६० मीटरवरून सोडलं तर अडीच मिनिटांत जमिनीवर.

मग ते दहा मिनिटं वर राहतं कसं? तर हवाच त्याला वर उचलते. ऊन पडलं की सगळी जमीन सारखी तापत नाही. नांगरलेलं काळं वावर, मुरमाचं मैदान, डांबरी रस्ता, राइस मिलचे टिनाचे पत्रे हे लवकर तापतात. तलाव, ओली बांधी, झाडोरा हे उशिरा. तापलेल्या जागेवरची हवा हलकी होते आणि फुग्यासारखी सुटून वर निघते. हिला थर्मल म्हणतात. थर्मल सेकंदाला एक-दोन मीटरने वर जात असेल आणि त्यात आपलं विमान ०.४ने खाली येत असेल, तर हिशेब सोपा आहे. विमान वरच जाणार.

ताडोबात याचं जिवंत उदाहरण आहे. जानेवारी २०२४ मध्ये पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून दहा पांढऱ्या पाठीची गिधाडं ताडोबातल्या बोटेझरीला आणली. त्यांना जीपीएस टॅग लावले आणि पुढे मोकळं सोडलं. त्यातलं एक गिधाड थेट तमिळनाडूपर्यंत जाऊन पोचलं. एवढं वजनदार पाखरू पंख फडफडवत तिथवर जाऊ शकत नाही. एका थर्मलमध्ये चढायचं, पुढच्या थर्मलपर्यंत घसरत जायचं, पुन्हा चढायचं, असा त्याचा प्रवास असतो.

स्पर्धेत मार्क कसे मिळतात?

या खेळाचे नियम एफएआय ही जागतिक हवाई क्रीडा संघटना करते. ती १९०५ साली स्थापन झाली. ग्लायडरचे तिच्याकडे बरेच प्रकार आहेत, पण सध्या ज्याची सगळ्यात जास्त चर्चा असते तो एफ५जे. त्याची पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप २०१९ मध्ये स्लोव्हाकियातल्या त्रनावा इथे झाली.

एफ५जेमध्ये विमानाच्या नाकावर छोटी इलेक्ट्रिक मोटर असते. ती फक्त सुरुवातीला, जास्तीत जास्त ३० सेकंद चालवता येते. मोटर बंद केली की प्रोपेलरची पाती मागे दुमडतात आणि तिथून पुढे सगळा मामला हवेचा. पुन्हा मोटर सुरू केली तर त्या फेरीचे मार्क शून्य.

वेळ असते दहा मिनिटांची. हवेतल्या प्रत्येक सेकंदाला एक मार्क. आता तुम्ही म्हणाल, मग ३० सेकंद मोटर चालवून जमेल तेवढं वर जावं आणि निवांत बसावं. तर तसं चालत नाही. विमानात उंची मोजणारं एक छोटं यंत्र असतं. लाँचपासून ते मोटर बंद केल्यावर दहा सेकंदांपर्यंत विमानाने गाठलेली सगळ्यात जास्त उंची ते नोंदवून ठेवतं. या उंचीच्या प्रत्येक मीटरमागे अर्धा मार्क कापला जातो. आणि २०० मीटरच्या वर गेलात, तर पुढच्या प्रत्येक मीटरला तीन मार्क.

लँडिंगचे वेगळे मार्क असतात. जमिनीवर ठरवून दिलेल्या बिंदूपासून एक मीटरच्या आत विमानाचं नाक टेकलं तर ५०. तिथून प्रत्येक मीटरला पाच कमी, आणि दहा मीटरच्या बाहेर काहीच नाही. दहा मिनिटं संपल्यावर उतरलात तरी लँडिंगचे मार्क गेले.

उदाहरण घेऊ. एकाने सावधपणा केला, १५० मीटरवर मोटर बंद केली. ९ मिनिटं ५७ सेकंद उडाला, म्हणजे ५९७ मार्क. उंचीचे ७५ कापले. लँडिंगचे ४५ मिळाले. एकूण ५६७. दुसऱ्याने ६० मीटरवरच मोटर बंद केली. ९ मिनिटं ५० सेकंद उडाला, ५९० मार्क. उंचीचे फक्त ३० गेले, लँडिंगचे पूर्ण ५०. एकूण ६१०. त्या गटात सगळ्यात जास्त मार्क असणाऱ्याला १००० धरतात आणि बाकीच्यांना त्या प्रमाणात. म्हणजे दुसऱ्याला १००० आणि सात सेकंद जास्त उडूनही पहिल्याला साधारण ९३०.

तिसरा एक असतोच. तो ३० मीटरवर मोटर बंद करतो, त्याला थर्मल सापडत नाही आणि दीड मिनिटात तो शेजारच्या वावरात असतो.

या खेळाची खरी गंमत इथे आहे, असं मला वाटतं. हवेवर अजिबात विश्वास नसेल, तर दहा मिनिटांसाठी २४० मीटर उंची लागते आणि त्यासाठी २२० मार्क मोजावे लागतात. जितकी हवा वाचता येते, तितकं कमी उंचीवरून निघायचं धाडस करता येतं. पैसे टाकून महागडं विमान आणता येईल, पण समोरच्या पळसाच्या पलीकडे हवा वर जातेय की खाली, हे विमान सांगत नाही.

म्हणून प्रत्येक पायलटसोबत एक हेल्पर असतो. पायलटची नजर विमानावरून हटत नाही. हेल्पर वेळ सांगतो, बाकीची विमानं कुठे चढतायत, घारी कुठे फिरतायत, हे बघत राहतो. चांगला हेल्पर मिळणं हे अर्धं काम.

बाकीचे प्रकार

एफ३के हा हाताने फेकायचा प्रकार. पंखांची लांबी जास्तीत जास्त दीड मीटर. पंखाच्या टोकाला धरून स्वतःभोवती गिरकी घ्यायची आणि थाळीफेकीसारखं विमान सोडायचं. सराव असलेला गडी ते ६० मीटरच्या आसपास पोचवतो. यात दर फेरीला वेगळं काम असतं. कधी दोन-दोन मिनिटांच्या पाच फ्लाइट, कधी सगळ्यांनी एकदम फेकायचं. वेळ वाया जाऊ नये म्हणून उतरणारं विमान हातानेच झेलतात आणि लगेच पुन्हा फेकतात. याची पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप २०११ मध्ये स्वीडनला झाली.

एफ३जे जुना. यात मोटर नसते, दोन माणसं दोरी ओढत पळतात आणि पतंगासारखं विमान वर चढवतात. एफ३एफ डोंगराच्या कड्यावर होतो, तिथे वेगाची शर्यत असते. सह्याद्रीत त्याला जागाच जागा आहे. चिमूरच्या सपाटीवर त्याचा विषय नाही.

चिमूरची हवा कशी आहे?

ऊन ही चंद्रपूर जिल्ह्याची ओळखच आहे. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी ही नावं उन्हाळ्यात देशातल्या सगळ्यात तापलेल्या गावांच्या यादीत असतात. म्हणजे थर्मलची कमी नाही. पण एप्रिल-मे हा उडवायचा काळ नव्हे. थर्मल इतके जोरदार आणि फाटके असतात की दीड किलोचं नाजूक मॉडेल सांभाळणं कठीण, वावटळी उठतात आणि माणूसही उभा राहू शकत नाही. धान निघाल्यापासून होळीपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. बांध्या कोरड्या, वारा कमी, ऊन सोसवेल असं.

थर्मल ओळखायच्या खुणा इथल्या शेतकऱ्याला नवीन नाहीत. अंगावर येणारा वारा अचानक पडतो किंवा उलटा वाहू लागतो. वर जाणाऱ्या हवेची जागा घ्यायला आजूबाजूची हवा तिकडे धावते, त्यामुळे वारा ज्या दिशेला जाऊ लागला तिकडे थर्मल. वाळलेला पाला, भुसा वर उडतो. घारी एकाच जागी जमतात. स्पर्धेतले पायलट काठीला हलकी रिबीन बांधून हेच बघत असतात.

लँडिंगला मात्र बांधीचा धुरा हा शत्रू आहे. फूटभर उंचीच्या धुऱ्यावर पंख आपटला की कार्बनची काडीही मोडते. त्यामुळे जनावरं नसलेलं गवताळ पटांगण किंवा शाळेचं मोठं मैदान बरं. शेतातून जाणाऱ्या विजेच्या तारा आधी बघून ठेवा.

कायद्याचं काय?

खरी अडचण इथे आहे. रिमोटचं ग्लायडर बघून कोणी त्याला ड्रोन म्हणत नाही, पण कायद्याच्या नजरेत पायलट आत न बसता दुरून चालवलं जाणारं विमान ड्रोनच्या नियमांतच येतं. ड्रोन नियम २०२१ मध्ये २५ किलोपर्यंतच्या, नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या हौशी मॉडेलची वेगळी व्याख्या आहे. अशा मॉडेलला टाइप सर्टिफिकेट लागत नाही. दोन किलोपर्यंतचं विमान हौसेसाठी उडवायला रिमोट पायलट लायसन्सही लागत नाही. एफ५जेची बहुतेक मॉडेल्स यात बसतात. ऑनलाइन नोंदणी करून विमानाचा युनिक नंबर घेणं मात्र आहेच, आणि २५० ग्रॅमच्या वर थर्ड पार्टी विमाही. एफ३केची चांगली मॉडेल्स नेमकी २५० ग्रॅमच्या आगेमागे असतात. त्यामुळे बॅटरी थोडी मोठी घेतली की विमानाचा कायदेशीर वर्गच बदलतो!

आता उंची. ग्रीन झोनमध्ये परवानगीशिवाय ४०० फूट, म्हणजे १२० मीटरपर्यंतच उडवता येतं. त्याच्या वरची हवा यलो झोन धरली जाते, तिथे एअर ट्रॅफिक कंट्रोलची परवानगी लागते. नागपूरचं विमानतळ इथून बरंच लांब आहे, त्यामुळे विमानतळाजवळचे कडक नियम लागू होत नाहीत, पण १२० मीटरची मर्यादा सुटत नाही. आणि थर्मलमध्ये शिरलेलं ग्लायडर तीनशे मीटरही सहज गाठतं. म्हणजे ज्या गोष्टीसाठी हा खेळ खेळायचा, नेमकी तीच नियमात अडकते. हा नियम कॅमेरावाले ड्रोन डोळ्यांसमोर ठेवून केलाय, ग्लायडरचा विचार करून नाही, असं माझं मत. पण मत काही असो, नियम पाळावा लागतो.

व्यवहारात मार्ग दोन. स्पर्धा घेणाऱ्याने जास्त उंचीची परवानगी आधी काढायची. आणि सराव करणाऱ्याने विमानाची उंची रिमोटवर बोलून सांगणारा सेन्सर लावायचा, ११० मीटरला आवाज आला की पंखांचे ब्रेक उघडून थर्मलमधून बाहेर पडायचं. खरं सांगायचं तर १२० मीटरच्या आत थर्मल पकडायचा, सोडायचा, पुन्हा शोधायचा हा सराव एफ५जेला कामालाच येतो, कारण तिथे खालून चढणाऱ्यालाच मार्क आहेत.

शिवाय पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी एखादा भाग एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरता रेड झोन जाहीर करू शकतो. गडचिरोलीत सुरक्षेचा विषय नाजूक आहे, तेव्हा उडवण्याआधी पोलीस ठाण्यात सांगून ठेवा. २०२५ मध्ये केंद्राने नव्या ड्रोन कायद्याचा मसुदाही मांडलाय, म्हणून नोंदणी करताना त्या दिवशीचा नियम बघा.

आणि जंगल?

ताडोबाचा गाभा असो की बफर, वन विभागाच्या परवानगीशिवाय तिथे काहीही उडवू नका. जंगलाच्या कडेच्या गावातही नको. थर्मल वाऱ्याबरोबर वाहत जातो आणि त्यात फिरणारं विमानही सोबत जातं. वाऱ्याची दिशा जंगलाकडे असेल तर दहा मिनिटांत विमान सागवानाच्या शेंड्यावर. मग ते आणायला कोणीतरी पोरगं आत शिरणार. मोहफुलं, तेंदूपत्ता वेचायला गेलेल्या माणसांवर वाघाचे हल्ले होतात, हे या जिल्ह्यात कोणाला सांगायची गरज नाही. विमान गेलं तर जाऊ द्या, वनरक्षकाला कळवा.

सुरुवात कुठून करायची?

परदेशी बनावटीचं कार्बनचं एफ५जे मॉडेल लाख-दीड लाख रुपयांच्या पुढेच जातं, रिमोट आणि बॅटरी वेगळी. त्यात फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, सुट्या भागांवर नाही. त्यामुळे तयार मॉडेल मागवण्याआधी चौकशी करावी.

शाळा-कॉलेजातल्या पोरांसाठी सगळ्यात जवळचा दरवाजा एनसीसीच्या एअर विंगचा. एरोमॉडेलिंग त्यांच्या अभ्यासक्रमातच आहे, नागपूरला २ महाराष्ट्र एअर स्क्वाड्रन आहे आणि अखिल भारतीय वायुसैनिक कॅम्पमध्ये एरोमॉडेलिंगची स्पर्धा होते. ती थर्मलची स्पर्धा नाही, पण पंख कसा बसवायचा, तोल कुठे साधायचा, हे तिथे शिकता येतं. इंजिनीअरिंगच्या पोरांसाठी एसएई इंडियाची एरो डिझाइन स्पर्धा आहे, तिथे भर डिझाइनवर असतो.

रिमोटशिवायही सुरुवात होते. बाल्सा किंवा थर्माकोलच्या शीटचं, दीड-दोन फुटी पंखांचं फेकायचं ग्लायडर घरी बनतं. तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण एक-तृतीयांश अंतरावर यायला हवा. नाक जड करायला मातीचा गोळा पुरतो. चार-पाच पोरं, एक स्टॉपवॉच, प्रत्येकाला पाच फेका आणि सगळ्या वेळांची बेरीज. वारा पडला की फेकायचं, की वारा सुटल्यावर, यावरून पहिल्याच दिवशी भांडणं सुरू होतात.