डोळ्यांनी शिकलेले इंग्रजी

मराठीत 'वाचणे' हे क्रियापद वाचेच्याच घरातले आहे. संस्कृतातला त्याचा मूळ धातू बोलण्याचा. पोथी वाचायची ती मोठ्याने, चार माणसे समोर बसवून. ती जितकी वाचणाऱ्याची तितकीच ऐकणाऱ्यांची. नवविधा भक्तीतही पहिला मान श्रवणाला आहे. अक्षरओळख नसलेल्या माणसांना ओव्याच्या ओव्या आणि अभंगांचे अभंग मुखोद्गत असत, ते सारे कानाने मिळवलेले. अशा मुलखात हायस्कुलातल्या मुलांना इंग्रजी मात्र दीडशे वर्षे डोळ्यांनी शिकवले गेले. मी भाषांतरावर पोट भरते, म्हणजे या पद्धतीची लाभार्थी आहे. तरीही, किंवा म्हणूनच, हे कसे घडले याचा शोध मला घ्यावासा वाटला.

१८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ साली पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली. तेव्हापासून हायस्कूल म्हणजे मॅट्रिकची शिडी. वर्गात इंग्रजी शिकवायचे कसे, हा प्रश्न फार कोणाला पडला नाही, कारण परकी भाषा शिकण्याचा एक तयार साचा हाताशी होता: आधी नियम, मग शब्दांची यादी, मग या भाषेतली वाक्ये त्या भाषेत आणि त्या भाषेतली या भाषेत. युरोपात लॅटिन असेच शिकवत. १८६० च्या दशकात आलेली रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची संस्कृतची दोन पुस्तके याच घडणीची आहेत. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने हा साचा मराठी घराघरांत नेला. कित्येक घरांत आजोबांच्या पेटीत धोतराच्या घडीखाली ती सापडते. शिक्षक नसलेल्या गावातही ती उघडून बसता येई, हे तिचे मोठेपण. पण तिच्यातून इंग्रजी शिकलेल्या माणसाने इंग्रजी उच्चारलेले कधी ऐकलेलेच नसण्याची शक्यता होती आणि त्याने त्याचे काही अडतही नव्हते. कचेरीतले इंग्रजी कागदावर चाले. अर्ज, टिपण, मसुदा, शेरा. मॅट्रिक होऊन कारकुनीला लागलेल्या माणसाला साहेबाचे चार हुकूम कळले की कानाचे काम संपत असे. बाकीचे सगळे डोळा आणि बोरू.

कानासाठी हायस्कुलात एकच व्यायाम होता, डिक्टेशनचा. मास्तर वर्गात फेऱ्या मारत वाक्य तोडून तोडून सांगत, प्रत्येक शब्द सुटा, शेवटचा शब्द दोनदा. खरे तर ती परीक्षा स्पेलिंगची. कानावर पडणारा आवाज कागदाच्या वेगाने चालवलेला असे. अशा चालीने जगात कोणीही इंग्रजी बोलत नाही.

या साच्याबाहेरचे एक उदाहरण मला फार मोलाचे वाटते. रमाबाई रानड्यांनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'मध्ये (१९१०) आपल्या घरातल्या इंग्रजी शिक्षणाची हकिकत सांगितली आहे. घरातल्या बायकांचे टोमणे त्यात आहेतच. पण मला महत्त्वाचे वाटते ते मोठ्याने वाचणे. रानड्यांचे डोळे अधू, त्यामुळे त्यांना वर्तमानपत्रे वाचून दाखवण्याचे काम रमाबाईंकडे आले. म्हणजे वाचणारी एक, ऐकणारा एक, चुकले तर तिथेच सांगणारा माणूस समोर. पोथीवाचनाचीच ही रीत. फक्त पोथी बदललेली. मुंबई इलाख्यातल्या कोणत्याही हायस्कुलात त्या काळी इतके चांगले वाचन-श्रवण होत असेल असे मला वाटत नाही. पण ही शाळा एका विद्यार्थिनीची होती आणि तिचा शिक्षक उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदापर्यंत जाणारा माणूस होता. इंग्रजी कानाने मिळाले ते घरातून, शाळेतून नव्हे, ही गोष्ट पुढे पुन्हा पुन्हा दिसते.

डोळ्याच्या बाजूने सगळ्यात सशक्त युक्तिवाद मात्र बंगालमध्ये झाला. ढाक्याच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य मायकेल वेस्ट यांचे बंगालमधील द्वैभाषिकतेवरचे पुस्तक १९२६ साली निघाले. वेस्टचा प्रश्न अगदी व्यवहारी होता. बहुसंख्य मुले शाळा अर्ध्यातच सोडतात. तर सोडताना त्यांच्या पदरात काय पडते? यासाठी त्याने विम्याच्या धंद्यातला शब्द उचलला, सरेंडर व्हॅल्यू. पॉलिसी मध्येच मोडली तर हातात येणारी रक्कम. दोन वर्षे इंग्रजी बोलायला शिकून शाळा सोडणाऱ्या मुलाला ते बोलायला खेड्यात कोणी भेटणार नाही, चार महिन्यांत ते पुसले जाईल. पण साधे पुस्तक वाचण्याइतकी गती आली असेल, तर ते त्याच्याजवळ राहील. म्हणून वाचन आधी. वेस्टने चालू क्रमिक पुस्तके तपासली, तर पानोपानी नव्या शब्दांची गर्दी. मग त्याने मोजक्या शब्दांत नवी वाचनमाला रचली. सुमारे दोन हजार नेहमीच्या शब्दांची जी यादी त्याच्या नावाने १९५३ साली प्रसिद्ध झाली, ती आजही भाषाशिक्षणात वापरली जाते.

याच सुमारास जपानमध्ये हॅरल्ड पामर अगदी उलट सांगत होता: आधी कान, मग जीभ, पुस्तक नंतर. दोघेही आपापल्या जागी चूक नव्हते. पण वेस्टच्या हिशेबात एक गोष्ट धरलेली नाही असे मला वाटते. त्याचा मुलगा इंग्रजी वाचून गावातच राहणार होता. तो गाव सोडून शहरात गेला, कॉलेजात पोचला, मुलाखतीला बसला, तर ती पॉलिसी कुठे वटवायची?

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात बाळ गंगाधर खेरांच्या सरकारने पाचवी ते सातवीतून इंग्रजी काढले आणि ते आठवीपासून ठेवले. त्यामागची मातृभाषेची बाजू मला मान्य आहे. पण ज्यांना परवडत होते ते इंग्रजी माध्यमाकडे वळले. भारतीय मुलांना त्या शाळांत घेऊ नये असा हुकूम सरकारने काढला, तो १९५४ साली सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. म्हणजे एका बाजूला आठवीत पहिल्यांदा इंग्रजी अक्षर पाहणारा मुलगा आणि दुसरीकडे तोवर सात वर्षे रोज पाच तास इंग्रजी ऐकलेला मुलगा. या दोघांमधले अंतर पाठांतराने भरून काढता येते, ऐकण्याने नाही; कारण ऐकायला जागाच नव्हती.

प्रयत्न झाले नाहीत असे नाही. १९५८ साली हैदराबादला केंद्रीय इंग्रजी संस्था निघाली. तिचे काही वर्षे संचालक होते कन्नड कवी वि. कृ. गोकाक. त्याआधी ते पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये आणि सांगलीच्या विलिंग्डनमध्ये इंग्रजी शिकवून गेलेले. वाक्यरचनांचे साचे तोंडी घोटून घेण्याची पद्धत मद्रासकडून देशभर पसरली: शिक्षक दाराकडे चालत जातो आणि आपण काय करतो आहोत ते इंग्रजीत बोलतो. पुढे १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी बंगळूर प्रकल्पात दक्षिणेतल्या साध्या शाळांत एक वेगळीच गोष्ट करून पाहिली. व्याकरण बाजूला ठेवून मुलांना रेल्वेचे वेळापत्रक, नकाशा, हिशेबाचे कोडे द्यायचे. शिक्षकाने इंग्रजीतच बोलत जायचे. मुलांनी आधी नुसते समजून घ्यायचे, बोलण्याची सक्ती नाही. मला हा प्रकल्प फार आवडतो. मराठी शाळेत तो माझ्यापर्यंत पोचला नाही.

माझ्यापर्यंत जे पोचले ते असे. मराठवाड्यातले तालुक्याचे गाव, मराठी माध्यम, पाचवीपासून इंग्रजी. सर धड्यातले एक वाक्य वाचत आणि लगेच त्याचा मराठी अर्थ सांगत. पुढचे वाक्य, पुढचा अर्थ. सर मेहनती होते आणि आमच्यातल्या बहुतेकांना त्यांनी पास करून दाखवले. पण या पद्धतीत एक गंमत आहे: अर्थ नेहमी दुसऱ्या वाक्यात येतो हे कानाला पक्के ठाऊक होते. त्यामुळे पहिले वाक्य, म्हणजे इंग्रजी, ऐकण्याचे कारणच उरत नव्हते. कान मराठीची वाट पाहायला शिकला. बोर्डाच्या पेपरात न पाहिलेला उतारा येई, त्याची तयारी नवनीतच्या गाइडमधून होई. त्यात मी तरबेज होते. प्रश्नातला शब्द उताऱ्यात हुडकायचा आणि त्याच्या आगचे-मागचे वाक्य उतरवायचे.

मग एम.ए.ला तौलनिक साहित्याच्या वर्गात, दुसऱ्या राज्यात, पहिल्या महिन्यात मला व्याख्याने कळत नव्हती. पुस्तके कळत होती. जे पुस्तक मी रात्री वाचून समजून घेतलेले असे, त्याच्यावरचे सकाळचे बोलणे माझ्या डोक्यावरून जाई. शेजारी बसणारी तमिळ मुलगी कॉन्व्हेंटमधली. ती माझ्यापेक्षा कमी वाचायची आणि वर्गात माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त होती. तिच्या वहीत व्याख्यान असे, माझ्या वहीत व्याख्यानातले सुटे शब्द.

याचे कारण भाषेच्या आवाजातही आहे. मराठीत आपण जवळजवळ प्रत्येक अक्षराला त्याचे माप देतो. इंग्रजी एका अक्षरावर जोर देते आणि शेजारची गिळून टाकते. कागदावर 'कम्फर्टेबल' चार तुकड्यांचे दिसते, बोलताना तीनच उरतात, 'कम्फ्टबल'. 'फोटोग्राफ'चा जोर पहिल्या अक्षरावर. 'फोटोग्राफर' म्हणताच तो पुढे सरकतो आणि शब्द 'फटॉग्रफर' असा काहीतरी कानावर पडतो. ज्याने दोन्ही शब्द फक्त पाहिलेले आहेत त्याला हा तिसराच शब्द वाटतो. नवल असे, की आपल्या लिपीने या आवाजांची दखल अभ्यासक्रमाच्या कितीतरी आधी घेतली. बॅट आणि बॉल लिहायला मराठीने अर्धचंद्र काढले, 'व्हॅन'साठी 'व्ह' जोडला. लिपीला कान होते.

शाळेबाहेर मात्र एक वर्ग चालू होता आणि त्याला फी नव्हती. १९३४ साली ए. एफ. एस. तल्यारखान यांनी मुंबईच्या चौरंगी क्रिकेट सामन्यांचे रेडिओवर इंग्रजीतून धावते वर्णन केले. पुढे ट्रान्झिस्टर आला आणि पानपट्टीवर, न्हाव्याच्या दुकानात, शेताच्या बांधावर इंग्रजी समालोचन ऐकणारी, एरवी इंग्रजीला घाबरणारी पोरे दिसू लागली. बाळ ज. पंडितांचे मराठी समालोचन लोकप्रिय होतेच; पण पाळी हिंदी-इंग्रजीची असली तरी कोणी रेडिओ बंद करत नसे. या वर्गात चांगल्या श्रवणाचे सगळे काही होते. पुढे काय होणार याची उत्कंठा, पुन्हा पुन्हा येणारे मोजके शब्द, अर्थ पडताळायला धावफलक, आणि मध्ये मराठी सांगणारे कोणी नाही. माझा थोरला भाऊ दहावीला इंग्रजीत काठावर पास झाला, पण चेंडू कव्हर आणि पॉइंटच्या मधून गेला हे तो आवाजावरून सांगे. मुलींना त्या पानपट्टीवर उभे राहता येत नव्हते, ही या फुकट शाळेची अट होती.

कानाने शिकायचे तर कोणाचे इंग्रजी ऐकायचे, हाही प्रश्न हैदराबादच्याच संस्थेने विचारला. आर. के. बन्सल यांनी १९६९ साली भारतीय इंग्रजी इतरांना कितपत कळते याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ब्रिटिश-अमेरिकी श्रोते होते, तसे दुसऱ्या प्रांतांतले भारतीयही. बहुभाषी देशात हाच भाग मला जास्त कामाचा वाटतो. माझे इंग्रजी लंडनमध्ये कळो न कळो, मला मलयाळी प्राध्यापिकेचे आणि तिला माझे कळले पाहिजे.

आता सगळे बदलले आहे असे कागद सांगतात. महाराष्ट्रात २००० च्या जूनपासून, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, पहिलीपासून इंग्रजी आले. केंद्रीय मंडळाने २०१२-१३ मध्ये नववी-दहावीसाठी बोलण्या-ऐकण्याची वेगळी परीक्षा सुरू केली. राज्याच्या शाळांतही आता अंतर्गत गुणांत श्रवणाचा भाग असतो. मी पाहिलेल्या एका शाळेत तो असा पार पडला: बाईंनी उतारा वाचला, मग मुलांचे चेहरे पाहून पुन्हा वाचला, मग त्याचा मराठीतून अर्थ सांगितला, मग प्रश्न विचारले. सगळ्यांना चांगले गुण मिळाले. बाईंना दोष द्यायची माझी इच्छा नाही. साठ मुलांचा वर्ग, स्पीकर नाही, आणि नापास कोणाला करायचे नाही.

ज्याला ऐकण्याचे गुण खरोखर मोजले जातात ती परीक्षा बहुतेकांना भेटते ती परदेशी जायच्या वेळी. आयईएल्टीएसच्या श्रवणाच्या पेपरात चाळीस प्रश्न असतात आणि ध्वनिफीत एकदाच वाजते. माझ्या भावाची मुलगी परिचारिका आहे, गेल्या वर्षी ती त्याच्या तयारीला बसली. वाचनाच्या पेपरात तिला पहिल्याच सरावात चांगले गुण पडले. श्रवणासाठी मी तिला सराव उतारे लावून दिले, तर पाच मिनिटांनी ती म्हणाली, "आत्या, खाली अक्षरं येतील असं काही करता येतं का गं?"