विड्यातले कोकेन

माझ्या पत्नीचे मामा मध्य प्रदेशात सौंसरला राहतात. नागपूरहून छिंदवाड्याच्या वाटेवर दोनेक तासांत हे गाव लागते. राज्य मध्य प्रदेश, पण घरात आणि बाजारात मराठीच कानावर पडते. २०२३ साली पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. पांढुर्णा म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत होणारी गोटमार, एवढेच आपल्याला वर्तमानपत्रातून ठाऊक असते. सौंसरजवळच्या जामसावळीला मारुतीचे मोठे देवस्थान आहे. इथला मारुती उभा नाही, पहुडलेला आहे. त्याच्या नाभीतून येणारे पाणी लोक तीर्थ म्हणून घेतात. शरीराच्या आणि मनाच्या दुखण्यांनी गांजलेली माणसे दूरदूरहून येऊन इथे राहतात.

मामांनी आपल्या मुलालाही तिथे आणले होते. मुलगा पुण्यात चांगल्या नोकरीवर होता. कावीळ झाली म्हणून घरी आलाय, असे गावात सांगितलेले. दर्शनाच्या रांगेत मामा हळूच म्हणाले, "जावईबापू, दारू असती तर समजलो असतो. हे कोकेन का काय म्हणतात, ते आपल्या लोकांत कधी होतं का हो?"

मला तेव्हा उत्तर देता आले नाही. मी डॉक्टर नव्हे, सरकारी कारकून. पण गोव्याला परतल्यावर वाचत गेलो, आणि लक्षात आले, की उत्तर 'होय' असे आहे.

कोका हे दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातले झुडूप. तिथले लोक त्याची पाने चुना किंवा राख लावून चघळत. १८६०च्या सुमारास आल्बर्ट नीमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने पानातले सत्त्व वेगळे केले, तेच कोकेन. १८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी ते डोळ्याची शस्त्रक्रिया करताना बधिरतेसाठी वापरले. त्याच वर्षी सिग्मंड फ्रॉइड यांनी कोकेनची वाखाणणी करणारा निबंध लिहिला. मॉर्फिनचे व्यसन कोकेनने सुटेल, असे त्यांना वाटत होते. त्यांनी आपला मित्र फ्लाइश्ल याला ते दिले. त्याचे मॉर्फिन सुटले नाहीच, वर कोकेन जडले, आणि १८९१ साली तो गेला. अमेरिकेत विल्यम हॉलस्टेड या नामांकित शल्यविशारदाने स्वतःवर प्रयोग केले आणि तोही अडकला. म्हणजे या व्यसनाचे पहिले बळी कोणी वाया गेलेले लोक नव्हते. त्यांत शिकलेसवरलेले डॉक्टर होते.

आपल्याकडे हे औषध दवाखान्यातून आले आणि थोड्याच वर्षांत पानपट्टीवर पोचले. सुरुवातीसाठी बिहारमधल्या भागलपूरकडे बोट दाखवतात. १९०२ साली कलकत्त्याचे डॉ. कैलासचंद्र बोस यांनी ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात या व्यसनावर लिहिले. कलकत्ता, मुंबई, दिल्ली अशा शहरांत लोक कोकेनची चिमूट विड्यात घालून खात. विड्यात चुना असतोच, आणि चुन्याने कोकेन तोंडात लवकर शोषले जाते. अँडीजमधल्या माणसाला जे शतकानुशतके ठाऊक होते, ते आपल्या विड्यात न शोधताच सापडले. माल आधी जर्मनीचा असे, पुढे जपानचा. बोटीवरून चोरून उतरे आणि पुड्यांतून विकला जाई.

सरकारने काय केले? १९०० नंतर प्रांतोप्रांती निर्बंध आले आणि डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय कोकेन बाळगणे गुन्हा ठरले. १९३० साली साऱ्या देशासाठी धोकादायक मादक पदार्थांचा कायदा झाला. गंमत अशी, की हेच सरकार अफू मात्र परवान्याच्या दुकानांतून विकत होते, कारण तिच्यावर महसूल मिळे. आपणही फार सोवळे होण्याचे कारण नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी माळव्याची अफू दमणमार्गे मकावला जाई, आणि पणजीच्या म्हामाय कामतांच्या दप्तरात त्या व्यापाराच्या नोंदी आहेत. 'ड्रग्स म्हणजे हणजुण्याचे हिप्पी' असे म्हणून आपण मोकळे होतो, ते अर्धेच खरे.

या साऱ्या इतिहासात कर आहे, छापे आहेत, तुरुंग आहे. उपचार मात्र फार उशिरा येतो. मुंबई-पुण्यात १९८०च्या दशकात गर्द पसरली, तेव्हा अनिल अवचटांनी तिच्यावर लिहिले. १९८६ साली त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट यांनी पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केले. पु. ल. देशपांड्यांनी त्याला देणगी दिली. त्याआधी १९८१ साली फादर जो परेरा यांनी वांद्र्याला 'कृपा फाउंडेशन' सुरू केले होते. व्यसनी माणूस गुन्हेगार नव्हे, रुग्ण आहे, ही गोष्ट अशा संस्थांनी आपल्या समाजाला शिकवली. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातही पुढे ६४-अ हे कलम आले. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घ्यायला तयार झाला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले तर मात्र ते काढून घेता येते. हे किती पालकांना ठाऊक असेल?

आता दुखण्याविषयी. मेंदूत सुखाची जाणीव देणारे डोपामिन नावाचे रसायन असते. काम झाले की ते परत शोषले जाते. कोकेन ही वाट अडवते. नाकाने ओढलेल्या कोकेनची नशा पंधरा मिनिटे ते अर्धा तास टिकते, मग मन खोल पडते, आणि माणूस पुन्हा पुडीकडे वळतो. सोडल्यावर दारूसारखी थरथर किंवा गर्दसारख्या उलट्या होत नाहीत. थकवा, अतिझोप, उदासी येते. कधी आत्महत्येचे विचारही येतात, म्हणून अशा माणसाला एकटे सोडू नये. बाहेरून काही दिसत नाही, म्हणून घरच्यांना वाटते, सुटले. पण ओढ महिनोन्महिने राहते. तरुण माणसालाही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो, आणि सोबत दारू असली तर धोका वाढतो.

कोकेन सोडवणारी खास मान्यताप्राप्त गोळी आजही नाही. उपचार म्हणजे समुपदेशन, ओढ कशाने लागते ते ओळखून वागणूक बदलण्याचा सराव, सोबतच्या नैराश्यावर औषध, घरच्यांचा सहभाग आणि दीर्घ पाठपुरावा. मध्येच घसरण झाली तरी तो उपचाराचा शेवट नव्हे. रक्तदाब वाढला म्हणून आपण रुग्णाला घराबाहेर काढत नाही, तसेच हे.

'एम्स'ने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत कोकेन घेणारे हजारात एक निघाले, तर दारू पिणारे शंभरात जवळजवळ पंधरा. आणि दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या अडतीस जणांत एकालाच कसला तरी उपचार मिळाला होता. बाकीचे कुठे जातात? आपण देवाला गाऱ्हाणे घालतो, कौल लावतो, मामा जामसावळीला गेले. त्यात गैर काही नाही. त्या देवळात मुलगा आठ दिवस शांत झोपला, हे मी पाहिले आहे. पण मारुतीपाशी बसल्यावर तरी लपवाछपवी कशाला? कावीळ सांगितली म्हणजे डॉक्टरकडे जायची वाटही आपणच बंद करतो.

पुढे त्याला नागपूरला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले, मग केंद्रात ठेवले. चार महिन्यांनी तो एकदा घसरला. मामा फोनवर रडले. पुन्हा नेले. आता तो घरीच संत्र्याची बाग पाहतो, आणि दर महिन्याला नागपूरला जातो. बरा झाला असे कोणी म्हणत नाही, बरा आहे असे म्हणतात.

आपल्याकडे कुणाला गरज पडली, तर बांबोळीची मानसोपचार संस्था आहे, आणि केंद्र सरकारचा १४४४६ हा निःशुल्क मदत क्रमांक आहे.

गेल्या पोळ्याला मामांचा फोन आला. गावातल्या एका ओळखीच्याने मुलाला कावीळ झाल्याचे सांगितले होते. मामा त्याला म्हणाले, "कोणती कावीळ? आमच्याकडे झाली होती, तीच का?" दुसऱ्या दिवशी ते दोघे मिळून नागपूरला गेले.