क्रूगरच्या अरण्यातील रस्ते आणि माणसे

दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर राष्ट्रीय उद्यान म्हटले म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर सिंह, हत्ती आणि गेंडा उभे राहतात. त्या उद्यानाचा इतिहास माणसांचा म्हणून सांगावा, हे पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. परंतु ज्याचे निम्मे आयुष्य गिरण्यांच्या फाटकांवर आणि कामगारांच्या चाळींत गेले, त्याला कोणताही रस्ता दिसला की तो कोणी बांधला व कोणत्या मजुरीवर बांधला, हा प्रश्न सुचल्यावाचून राहत नाही. आणि क्रूगरमध्ये रस्ताच पाहावा लागतो; कारण तेथे आपली मोटार आपणच चालवीत जावयाचे असते.

या प्रवासाची रीत प्रथम सांगतो. उद्यान दक्षिणोत्तर सुमारे 360 किलोमीटर लांब असून त्याचे क्षेत्रफळ साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटरांच्या घरात आहे. वाहतूक आपल्यासारखीच डाव्या बाजूने. डांबरी रस्त्यावर ताशी 50 आणि कच्च्या रस्त्यावर 40 किलोमीटरांची मर्यादा. नेमून दिलेल्या जागा सोडून गाडीतून उतरावयाचे नाही आणि सूर्यास्तापूर्वी तळाच्या फाटकात पोहोचावयाचे. जोहान्सबर्गच्या एका कामगार स्नेह्याबरोबर भाड्याच्या मोटारीने मी हा प्रवास केला. या संथ गतीचा फायदा असा की जनावर दिसले नाही तरी विचार करावयास वेळ मिळतो.

आम्ही नैर्ऋत्येच्या नुम्बी फाटकातून आत शिरलो. तेथून जवळच प्रिटोरियसकोप हा तळ आहे. 1927 साली प्रवाशांच्या मोटारींना प्रथम परवानगी मिळाली ती याच भागात. दर मोटारीस एक पौंड आकार होता आणि त्या वर्षी मोटारी आल्या तीन! 1928 मध्ये 180 आणि 1929 मध्ये 850 मोटारी आल्या, आणि 1929 अखेर सहाशे किलोमीटरांहून अधिक रस्ते तयार झाले होते. दोन-तीन वर्षांत घनदाट झुडपांतून इतके रस्ते निघाले, यातील मेख आता पाहू.

अरण्याच्या पूर्वेस लेबोम्बोच्या टेकड्या आणि त्यापलीकडे त्या काळचा पोर्तुगीज मोझांबिक. पश्चिमेस जोहान्सबर्गच्या सोन्याच्या खाणी. खाणमालकांनी एकत्र येऊन मजूरभरतीची एक संस्था काढली होती. लोक तिला 'वेनेला' म्हणत. आपल्याकडे गिरणीत मुकादम मजूर आणी, तसलाच हा प्रकार, परंतु अख्ख्या देशाच्या प्रमाणावर आणि दोन सरकारांच्या करारानिशी. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्या खाणींतील निम्म्याहून अधिक काळे मजूर मोझांबिकचे होते. ज्यांना वेनेलाचा करार नको असे, ते पायी सरहद्द ओलांडून स्वतः काम शोधावयास निघत, आणि त्यांची वाट या अरण्यातूनच जाई. विनापरवाना हद्दीत शिरला म्हणून रक्षक त्यांना पकडीत, रस्त्याच्या कामावर काही दिवस राबवीत आणि मग पुढे जाण्याचा परवाना हाती देत. अपराध्याला शिक्षा, उद्यानाला रस्ता आणि मालकाला मजूर, अशी तिन्ही कामे एका फटक्यात उरकत. वेठबिगारीचे पुष्कळ नमुने मी वाचले आहेत, पण इतका काटकसरीचा क्वचितच.

पुढचा मोठा तळ स्कुकुझा. हे नाव म्हणजे जेम्स स्टीव्हन्सन-हॅमिल्टन यांना स्थानिक त्सोंगा लोकांनी दिलेले टोपणनाव होय. पॉल क्रूगर यांच्या बोअर सरकारने 1898 साली साबी येथे शिकारबंदीचे क्षेत्र जाहीर केले. बोअर युद्धानंतर 1902 मध्ये हे गृहस्थ तेथे मुख्य रक्षक म्हणून आले आणि 1946 पर्यंत राहिले. प्राण्यांवर त्यांचे खरे प्रेम होते, आणि त्यांच्यावाचून हे अरण्य टिकले नसते, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि आल्या आल्या त्यांनी तेथील दोन-तीन हजार रहिवाशांना बाहेर काढले. म्हणून स्कुकुझा: झाडून साफ करणारा, सारे उलथेपालथे करणारा. पुढे काहींना राहू दिले, ते खंड किंवा श्रम देण्याच्या बोलीवर. सरकारदरबारी ते नाव गौरवाचे झाले. ज्यांनी ते ठेवले त्यांच्या मनात तसे होते असे मला वाटत नाही.

स्कुकुझाला साबी नदीवर जुना रेल्वेपूल आहे. सेलाती रेल्वेचे काम 1890 नंतर सुरू होऊन पैशाच्या अफरातफरीत बंद पडले, आणि पुढे 1912 मध्ये एकदाचे पुरे झाले. 1923 मध्ये रेल्वेने नऊ दिवसांची सहल काढली. अरण्यातला मुक्काम प्रवाशांना इतका आवडला की 1926 च्या राष्ट्रीय उद्यान कायद्यास लोकमत अनुकूल होण्यास तिची मदत झाली. म्हणजे उद्यानाचा प्रचार आगगाडीने केला आणि फायदा मोटारीने घेतला. आता त्या पुलावर डबे उभे करून श्रीमंतांसाठी हॉटेल थाटले आहे.

ऑलिफांट्स नदीजवळ बालुले नावाचा लहानसा तळ लागतो. सहा गोल झोपड्या, वीज नाही. वर्णभेदाच्या काळात गोऱ्यांखेरीज इतरांना उतरावयास जागा मिळे ती अशा ठिकाणी. काळे लोक उद्यानात केवळ नोकर वा चोरटे शिकारी म्हणूनच होते, ही समजूत खोटी आहे. प्रवासी म्हणूनही ते येत, आणि हिंदी लोकही येत. फक्त त्यांनी झोपावे कोठे हे दुसरा ठरवी. आज तोच साधेपणा आवडतो म्हणून लोक तेथे मुद्दाम उतरतात.

अगदी उत्तरेस लिम्पोपो आणि लुव्हुव्हू या नद्यांचा संगम आहे. तेथे तीन देशांच्या सीमा मिळतात. पाफुरीला वेनेलाचे भरतीचे ठाणे होते. जवळच थुलामेला येथे दगडी तटबंदीच्या जुन्या राजगावाचे अवशेष आहेत. मार्गदर्शकाबरोबर पायी जाऊन ते पाहता येतात. तेथल्या उत्खननात सोन्याचे दागिने सापडले. 'निर्मनुष्य अरण्य' ही कल्पना किती अलीकडची आहे, हे पाहावयाचे असेल तर त्या टेकडीवर चढावे.

याच कोपऱ्यात मकुलेके लोक राहत. 1969 मध्ये सरकारने सुमारे तीन हजार माणसांना बंदुकीच्या धाकाने उठविले. आपल्या झोपड्या त्यांना स्वतःच्या हातांनी पेटवाव्या लागल्या, आणि ती जमीन उद्यानास जोडली गेली. वर्णभेदी राजवट गेल्यावर त्यांनी जमिनीचा दावा लावला. त्यांनी जी वाटाघाट केली ती प्रत्येक संघटकाने अभ्यासावी अशी आहे. 1998 मध्ये सुमारे 24 हजार हेक्टरांची मालकी त्यांना परत मिळाली. तेथे पुन्हा गाव वसविण्याचा आग्रह त्यांनी धरला नाही. अरण्य अरण्यच ठेवण्याचे आणि खाणी न खणण्याचे कबूल केले. मोबदल्यात कारभारी मंडळावर उद्यानाच्या प्रतिनिधींशेजारी आपले प्रतिनिधी बसविले, आणि प्रवाशांच्या निवासांसाठी कंपन्यांशी करार करण्याचा हक्क आपल्याकडे ठेवला. आमच्या गाडीतील स्नेह्याने सारा प्रवासभर एकाही हत्तीचा फोटो घेतला नव्हता. पाफुरीच्या फाटकावर मकुलेके हे नाव असलेली पाटी दिसली, तेव्हा मात्र त्याने गाडी थांबविली आणि फोटो काढला.