जकातीनंतरची महापालिका

शहराच्या वेशीवर मालावर घेतला जाणारा कर हे महाराष्ट्रातील नगरांच्या उत्पन्नाचे अतिशय जुने साधन असले, तरी तो बसवण्याचा अधिकार शहराचा स्वतःचा कधीच नव्हता. पेशवाईत माल जेथे भरला जाई तेथे ‘थळभरीत’ आणि जेथे उतरवून विकला जाई तेथे ‘थळमोड’ या नावाने जकात घेतली जाई. तिची वसुली सरकारी कमाविसदार करीत किंवा ती मक्त्याने दिली जाई आणि ऐवज सरकारजमा होई. इंग्रजी अमलात चार्ल्स ट्रेव्हेल्यन याने १८३४ मध्ये बंगालमधील अंतर्गत जकातींवर अहवाल लिहून त्या व्यापाराचा गळा कशा आवळतात हे दाखवून दिले, आणि पुढील काही वर्षांतच बंगाल व मुंबई या दोन्ही इलाख्यांतील वाटेवरच्या जकाती उठवण्यात आल्या. नगरपालिका स्थापन होऊ लागल्यावर मात्र जकात वेगळ्या रूपात परतली. शहरात उपभोगासाठी, वापरासाठी किंवा विक्रीसाठी येणाऱ्या मालापुरतीच ती मर्यादित होती आणि नुसत्या पुढे जाणाऱ्या मालावर भरलेली रक्कम परत मिळावी, असा नियम होता. नाक्यावरच्या व्यवहारात तो किती पाळला जाई, हा प्रश्न वेगळा.

मुंबईत १८८८ च्या महापालिका कायद्यानुसार सुरुवातीला मोजक्या ठरीव वस्तूंवरच नगरशुल्क घेतले जाई. पूर्ण अर्थाने जकात आली ती १९६५ मध्ये. दहिसर, मुलुंड, ऐरोली आणि मानखुर्द येथील नाक्यांवर मालमोटारींच्या रांगा लागत, मालाची किंमत कमी दाखवण्याचे प्रकार चालत आणि दलालांचा एक वर्गच त्यावर पोसला जाई. कर म्हणून जकातीचे समर्थन करणे अवघड आहे. तरीही रोजच्या रोज हाती येणारी, शहराच्या व्यापाराबरोबर वाढणारी आणि कोणाच्या मंजुरीची वाट न पाहता खर्चता येणारी ती रोकड होती, आणि केईएम, नायर व शीव येथील रुग्णालये त्यांच्या वैद्यकीय महाविद्यालयांसह चालवणाऱ्या, दूरच्या धरणांतून पाणी आणणाऱ्या महापालिकेच्या कारभारात हा गुण लहान नव्हता. या उत्पन्नाचा मोठा वाटा माहूल परिसरातील तेलशुद्धीकरण कारखान्यांत येणाऱ्या खनिज तेलातून येई.

राज्यघटनेने हा कर राज्यसूचीच्या ५२ व्या नोंदीत ठेवला होता, म्हणजे तो राज्याचा होता आणि राज्याने कायद्याने महापालिकांना वापरू दिला होता. १९९३ मध्ये अंमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत अठरा विषय नगरसंस्थांसाठी नमूद केले, पण त्यांच्या जोडीला करांची स्वतंत्र सूची दिली नाही. कामांची यादी घटनेत आणि पैशाची किल्ली विधिमंडळाकडे, अशी ही रचना असल्यामुळे जकातीचे भवितव्य नेहमी मंत्रालयातच ठरत गेले. महाराष्ट्राने १९९९ मध्ये नगरपरिषदांची जकात बंद करून तिच्या जागी अनुदान दिले, तर महानगरपालिकांत २०१० पासून टप्प्याटप्प्याने स्थानिक संस्था कर आणला. हा कर नाक्यावर नव्हे, तर व्यापाऱ्याच्या हिशेबवहीवरून आकारला जाई; पुण्यात तो १ एप्रिल २०१३ रोजी लागू झाला, व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवून त्याला विरोध केला आणि अखेर १ ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींपेक्षा कमी उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना त्यातून वगळण्यात आले. मुंबईत मात्र जकातच टिकून राहिली.

तिचा शेवट राष्ट्रीय धोरणाने केला. १०१ व्या घटनादुरुस्तीने ५२ वी नोंदच वगळली आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होताच नाके ओस पडले. खनिज तेल आणि पेट्रोल हे या नव्या कराच्या कक्षेबाहेर ठेवले गेले. त्यामुळे पेट्रोलवरील मूल्यवर्धित कर राज्याकडे राहिला, पण नोंद गेल्यामुळे महापालिकेला खनिज तेलावर जकात घेण्याची वाट उरली नाही. ज्या वस्तू व सेवा कर परिषदेत दर ठरतात तिच्यात केंद्राला एक तृतीयांश व राज्यांना दोन तृतीयांश मताधिकार आहे. शहरांना तेथे आसन नाही.

राज्याने या तुटीची भरपाई कायद्यानेच बांधून दिली, आणि हे श्रेय त्याला द्यावे लागते. २०१६-१७ चे उत्पन्न पाया धरून त्यावर दरवर्षी आठ टक्के चक्रवाढ वाढ, तीही दर महिन्याला आगाऊ, असे सूत्र ठरले. मुंबईच्या बाबतीत पाया सुमारे ७,२०० कोटींचा होता, म्हणून जुलै २०१७ मध्ये पहिला हप्ता सुमारे ६४७ कोटींचा मिळाला आणि २०२३-२४ च्या अंदाजपत्रकात ही भरपाई १२,३४४ कोटींवर पोहोचली. टाळेबंदीच्या वर्षी नाके चालू असते तर उत्पन्न कोसळलेच असते. सूत्राने ते सावरले. केंद्राने राज्यांना दिलेली चौदा टक्के वाढीची हमी मात्र जून २०२२ मध्ये संपली, तेव्हापासून हे आठ टक्के राज्याला स्वतःच्या तिजोरीतून निभवावे लागत आहेत.

आकड्यांत महापालिकेचे नुकसान दिसत नाही. बदलले ते शहराच्या वाढीशी असलेले उत्पन्नाचे नाते: नवी बाजारपेठ उभी राहिली काय आणि जुना कारखाना बंद पडला काय, रक्कम तीच येते. लहान महानगरपालिकांत तर मासिक हप्ता आला की पगार होतात, आणि हप्ता लांबला की आधी ठेकेदारांची देयके थांबतात, मग रस्ते व गटारांची कामे. स्वतःचा म्हणावा असा मोठा कर आता मालमत्ता कराच्या रूपाने उरला आहे, आणि त्यातही मुंबईतील पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ च्या प्रारंभी जी माफी जाहीर झाली, तो निर्णय राज्य सरकारचा होता.